सात नंबरला गरम पाणी

"आत गेल्यावर तोंड उघडलंस ना, जेगो, तर आजच्या आज तूही रस्त्यावर. कळलं का?"

बाप दातांवर दात ठेवून बोलत होता, कारण चार पावलं पुढे आजी काचेवर नाक टेकवून आत बघत उभी होती.

"मग तू सांग ना तिला. आत्ता सांग. इथंच, फुटपाथवर."

"सांगणार आहे. जेवण होऊ दे. गोड येऊ दे."

"गोड येऊ दे! वाढदिवस आहे काय तिचा?"

"हळू. आणि ती डोक्यावरची टोपी काढ. एक दिवस तरी माणसासारखा वाग."

"थंडी आहे."

"आत नाहीये थंडी."

आत थंडी होतीच. जमिनीपासून छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स, त्यातल्या फुटक्यासुद्धा मुद्दाम तशाच ठेवलेल्या, त्यांच्यावर बारीकसा ओलावा, आणि त्यात जेवणाऱ्या लोकांचा आवाज असा घुमत होता की कोण काय बोलतंय ते कळत नव्हतं, नुसती कुजबुज अंगावर पडत होती. ही जागा म्हणजे आजीच्या बर्मंडसी वस्तीचं जुनं, सार्वजनिक न्हाणीघर. ज्यांच्या घरात टब नव्हता ते लोक आठवड्यातून एकदा टॉवेल काखेत मारून इथं यायचे. आता इथं जेवायचं तर महिनाभर आधी टेबल सांगून ठेवावं लागतं. मेनू म्हणजे एक साधा कागद, त्यावर आजची तारीख आणि खाली चार-पाच ओळी. जे ह्या ऋतूत, ह्याच बेटावर उगवतं, पोहतं नाहीतर उडतं, तेवढंच. टोमॅटो मागितला तर वेटर असा बघतो की जणू तुम्ही त्याला आईवरून शिवी दिलीत. बापाला हे सगळं फार आवडतं. तो जुन्या इमारती घेतो, आतून पोखरतो, बाहेरची भिंत तेवढी ठेवतो आणि विकतो. ही इमारत त्याची नाही, पण इथल्या टाइल्सकडे तो असा बघतो की जणू त्यानंच एकेक चाटून पुसलीय. आजी मात्र दारातच थांबली. तिनं चांगला कोट घातला होता, त्यावर पितळी पिन, ओठांना रंग. मला तेव्हाच तिच्याकडे बघवेना. "अगं बाई," ती म्हणाली, "ही तर आपली न्हाणी." मग त्या दाढीवाल्या, खाटकाचा एप्रन बांधलेल्या वेटरला म्हणाली, "सात नंबर कुठाय रे?" तो म्हणाला, "तुमचं टेबल बारा नंबरचं आहे, मॅडम." "टेबल नाही रे बाळा. टब!" आणि टेबलाशी पोचेपर्यंत तिनं त्याला सगळं सांगितलं. लाकडी फळ्यांचे कप्पे होते, एकेका कप्प्यात एकेक टब, पण नळ आत नव्हते. नळ बाहेर, आणि त्याची चावी एका जाड बाईच्या कमरेला. पाणी गार झालं की आत नागडं बसल्या बसल्या आपला नंबर ओरडायचा: सात नंबरला गरम पाणी! मग ती बाई यायची. खुशीत असली तर गरम सोडायची. कुणी उलट बोललं असेल तर गार. "आणि आपण तर आत," आजी म्हणाली, "करणार काय? पडलं बादलीभर गार अंगावर, की गप्प बसायचं." वेटर मनापासून हसला. बापाचे कान लाल झाले होते. "आई, जरा हळू." "अरे हळू काय, क्लाइव्ह? इथं सगळे बोंबलायचेच."

तिला कुणी सांगावं की आता इथं बोंबलत नाहीत, म्हणून तर आपण इथं आलोय. बापाची ही रीतच आहे. वाईट बातमी तो घरात सांगत नाही. घरात माणसं रडतात, दारं आपटतात, बशा फोडतात. चांगल्या हॉटेलात, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल एवढ्या अंतरावर कुणी आपटत नाही काही. माणूस घास गिळतो आणि म्हणतो, असं होय. ही रीत त्यानं कुठून उचलली माहीत नाही. आजोबांकडून नक्की नव्हे. आई निघून गेली हे मला शतावरीच्या कोंबांवर कळलं. मे महिना होता, कोंब बोटांनी धरून खायचे असतात, वितळलेलं लोणी माझ्या हनुवटीवरून ओघळत होतं, आणि बाप म्हणत होता, "तुझ्या आईनं आणि मी एक निर्णय घेतलाय." हनुवटी पुसू की नको हेच मला कळेना. पुसली तर मी ऐकत नाही असं वाटेल, नाही पुसली तर बावळट दिसेन. शाळेचं कालवांवर झालं. शाळा मी सोडली, ते काढणारच होते ती गोष्ट वेगळी, पण त्यानं मला कालवं गिळायला लावली आणि एकेका कालवामागे माझा एकेक गुन्हा सांगितला, मुख्याध्यापकाच्या आवाजात. सगळी संपली तेव्हा शिंपल्यांमधलं पाणी पीत म्हणाला, "आता पुढचं तुझं तू बघ." तेव्हापासून मला ऋतू असे जिभेवरच कळतात. बाजारात शतावरीची पहिली जुडी दिसली की मी हनुवटी पुसतो. लोक म्हणतात, आला वसंत. मला वाटतं, आता कोण जाणार?

आज नोव्हेंबर. आज कोण जाणार ते मला रविवारपासून माहीत होतं. बापानं मला गाडीत बसवून सांगितलं होतं, गाडी आजीच्या घराच्या कोपऱ्यावरच उभी करून, इंजिन चालू ठेवून. ती जिन्यात पडली होती, त्याआधी एकदा गॅसवर रिकामी किटली जाळली होती, हे सगळं खरंच आहे. "तिच्याच भल्यासाठी," तो म्हणाला. नदीकाठी जागा आहे, नर्सा आहेत, बाग आहे. शुक्रवारी तिला जेवायला न्यायचं, तेवढ्यात घर रिकामं करून घ्यायचं, आणि जेवणावरून थेट तिकडं. "म्हणजे तिला घर रिकामं होताना बघायला लागणार नाही. विचार कर, केवढा त्रास वाचतो." मी म्हटलं, "आणि मी?" कारण आई गेल्यापासून मी आजीच्याच मागच्या खोलीत राहतो. सकाळी ती काठीनं भिंत ठोकते, उठलो नाही तर पुन्हा ठोकते, आणि शाळेचं नाव कधी काढत नाही. "तू गप्प बसलास," बाप म्हणाला, "तर माझ्याकडची वरची खोली तुझी. खिडकी आहे, ऊन येतं. नाही बसलास, तर सोळा पूर्ण झालीत तुला." मी म्हटलं, "बघतो." बघतो म्हणजे काय ते त्यालाही कळतं, मलाही. त्या रात्री आजीनं मला अंडं-टोस्ट दिलं आणि मी ते खाल्लं. सगळं खाल्लं. कडासुद्धा.

पक्षी आले. ग्राउस हा कोंबडीच्या पिलाएवढाच असतो, पण मांस काळं, जांभळट, आणि त्याला डोंगरावरच्या झुडपांचा, जरासा कुजल्यासारखा कडू वास. पाय दोऱ्यानं बांधलेले, जणू पोलिसांनी धरून आणलाय. बाजूला दुधात शिजवलेल्या पावाची पांढरी लापशी, तळलेल्या बटाट्याच्या कागदासारख्या चकत्या, आणि खाली त्याच्याच काळजाचा लेप लावलेला टोस्ट. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मांसात छर्रे सापडू शकतात, जपून चावा. कारण हा पक्षी कुणी पाळत नाही, बंदुकीनंच पाडतात. आमच्या घरात हे सांगावं लागत नाही. आजोबा शिकारीच्या पक्ष्यांच्या बाजारात हमाल होते. फुटलेले, चिरडलेले पक्षी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणायचे, आणि हा श्रीमंतांचा पक्षी बर्मंडसीच्या दोन खोल्यांत चुलीवर शिजायचा. त्यांचा एक नियम होता. ज्याच्या दाताखाली छर्रा येईल, त्यानं तो बशीच्या काठावर ठेवायचा आणि टेबलावरच्या कुणालाही एक प्रश्न विचारायचा. ज्याला विचारला त्यानं खरंच सांगायचं. खोटं बोलला तर पक्ष्याचा जीव फुकट गेला, असं ते म्हणायचे. आजीनं एकदा विचारलं होतं, "डेटफर्डची ती बाई कोण?" आजोबांनी सांगितलं. आजीनं आपला पक्षी संपवला, सगळ्यांची भांडी घासली, आणि मग ख्रिसमसपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. बाप आठ वर्षांचा असताना त्याला छर्रा मिळाला, तर त्यानं विचारलं, "आपण गरीब आहोत का?" आजोबा म्हणाले, "हो." आजी ही गोष्ट हसत सांगते. बाप हसत नाही. मला कधी कधी वाटतं की त्या एका 'हो'वर त्यानं हे सगळं उभं केलंय, गाडी, टाइल्स, इमोजेन, सगळं.

इमोजेन म्हणजे बापाची आत्ताची बाई. ती जेवायला नव्हती. ती आजीच्या घरी होती, सामान हलवणाऱ्या माणसांवर लक्ष ठेवायला. बापाचा फोन टेबलावर उपडा होता आणि थोड्या थोड्या वेळानं लाकडावर गुरगुरायचा. "घे ना बाबा," आजी म्हणाली, "काम असेल." "नाही नाही आई, आजचा दिवस तुझा." आणि तिच्या ग्लासात वाइन ओतली. ती बशीवर वाकली तेव्हा त्यानं फोन मांडीवर घेतला. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. माझे डोळे तीक्ष्ण आहेत, शाळेत एवढंच एक कामाला यायचं. इमोजेननं लिहिलं होतं: पलंग निघाला. कपाट दारातून जात नाही. फोडायला सांगू? बापाच्या उजव्या हातात काटा होता, काट्याला ग्राउसच्या छातीचा तुकडा. डाव्या अंगठ्यानं त्यानं लिहिलं: फोड. मग तुकडा तोंडात घातला. डोळे मिटून चावला. "वा," म्हणाला. "हे बाकी दुसऱ्या कुठल्या देशात मिळायचं नाही."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातली सुरी मला गरम लागायला लागली. ते कपाट आजोबांनी केलेलं. त्याचं दार नीट बसत नाही, फटीत दुमडलेला पुठ्ठा घालावा लागतो, आणि पुठ्ठा निसटला की ते आपलं आपण कुरकुरत उघडतं आणि आतून डांबरगोळ्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास येतो. मी नवीन राहायला आलो होतो तेव्हा घाबरलो होतो. आजी शेजारच्या खोलीतून म्हणाली होती, "झोप रे. तुझा आजोबा कोट शोधतोय." मी आता ओरडणार होतो. खरंच ओरडणार होतो, शपथ. तोंडात घास होता तो गिळून ओरडणार, म्हणून चावला, आणि दाताखाली कचकन छर्रा आला. शिसं दातावर वाजलं की डोळ्यांच्या मागे कळ जाते. जिभेनं चाचपला, बारीक, गोल, थंड. म्हणजे आता प्रश्न माझा. नियमानं. ओरडायची पण गरज नाही. काठावर ठेवायचा आणि विचारायचं, बाबा, आजी आज कुठं झोपणार? एवढंच. मी त्याच्याकडे बघितलं आणि त्यानं माझ्याकडे. वरची खोली. खिडकी. ऊन. "काय झालं?" बाप म्हणाला. "काही नाही. हाड." आणि मी छर्रा गालात सरकवला, दाढेच्या आणि गालाच्या मधे, जिथं लहान मुलं औषधाची गोळी लपवतात. आजी माझ्याकडेच बघत होती. तिचा जबडा सावकाश हलत होता, गाईसारखा. मग थांबला.

"आला गं बाई," ती म्हणाली. बोटांनी ओठांतून काढला, एप्रनला पुसल्यासारखा कोटाला पुसला, आणि बशीच्या काठावर ठेवला. टिंग. एवढा बारीक आवाज, पण त्या टाइल्समध्ये मला तो सगळीकडून ऐकू आला.

"आई," बाप म्हणाला, "आता काय आपण लहान आहोत का?"

"नियम म्हणजे नियम, क्लाइव्ह."

त्यानं नॅपकिननं तोंड पुसलं, खांदे सरळ केले. त्याच्या तोंडावर मला चक्क सुटल्यासारखं दिसलं. विचारून टाक एकदाचं, गोड यायच्या आधीच होऊन जाऊ दे. आजीनं त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. आणि मग मान वळवली.

"जेगो. तुला कधी कळलं?"

"काय?"

"काय ते तुला माहितीये. प्रश्न मी विचारतेय."

गालातला छर्रा मोठा मोठा होत चालला होता. "आत्ता," मी म्हटलं. "आत्ता इथं. त्याच्या फोनवर बघितलं." हे अर्धं खरं होतं. आजीनं मान डोलावली, लापशीत बटाट्याची चकती बुडवली, खाल्ली.

"रविवारपासून भांडी घासतोयस तू," ती म्हणाली.

मी बशीतल्या चकतीचे तुकडे करत राहिलो.

"दोन वर्षांत एक कप विसळला नाहीस. रविवारी रात्री अंड्याची बशी घासलीस, तव्याची मूठ घासलीस, मी म्हटलं आजारी आहे की काय पोरगं. सोमवारी कचरा बाहेर नेऊन ठेवलास. मंगळवारी मला विचारलंस, आजी, पाय दुखतात का? तेव्हाच स्वतःला म्हटलं, डोरीन, आवर आता. तुझं सगळं ठरलेलं दिसतंय." ती हे रागानं नाही बोलली. गोष्ट सांगावी तसं बोलली, जराशी हसत, वेटरला न्हाणीची सांगितली होती तशीच. "बापाचं काही नाही रे. तो माझ्या पोटचा आहे, तो काय करणार ते मला तो करायच्या आधी कळतं. वाईट तुझं वाटलं. वाटलं, शुक्रवारपर्यंत सांगेल. काल रात्री भिंत ठोकली मी, ऐकलीस ना? मुद्दाम ठोकली. म्हटलं उठून येईल. सांगेल."

ऐकली होती मी. झोपल्याचं सोंग घेतलं होतं.

"आई," बाप पुढे वाकून म्हणाला, "फार छान जागा आहे. नदी दिसते."

"नदी मी जन्मल्यापासून बघतेय. कपाटाचं काय केलंत?"

त्यानं फोनवर तळहात ठेवला. फोन गुरगुरला.

"ते दारातून जात नाही," आजी म्हणाली. "त्यानं खोलीतच बसून बांधलं होतं. फोडल्याशिवाय निघायचं नाही. फोडलंत ना?" बापानं पापण्या खाली केल्या. "बरं केलंत. गोड काय आहे आज?" आणि वेटरला हाक मारून तिनं सायीबरोबर वाफवलेलं नासपती मागवलं, आणि ते आल्यावर चमचा हातात धरून म्हणाली, "हं, क्लाइव्ह. गोड आलं. तू गोडावरच सांगतोस ना? सांग आता." "आई, तुला कळलंय की सगळं." "कळलंय. पण तू पाठ करून आला असशील. फुकट कशाला घालवायचं? सांग." आणि त्यानं सांगितलं. खरंच सांगितलं, च्यायला, सगळं, तुझ्याच भल्यासाठीपासून नर्सा आणि बागेपर्यंत, आणि ती एकेक चमचा खात "हं", "पुढे?", "बागेत काय काय आहे?" असं विचारत राहिली. त्याच्या कपाळावर घाम आला. शेजारच्या टेबलावरची बाई आपल्या नवऱ्याला हळूच म्हणाली, किती गोड म्हातारी आहे. शेवटी बाप खुर्चीत मागं टेकून म्हणाला, "किती समजूतदारपणे घेतलंस तू हे." त्याला खरंच तसं वाटलं. आजीनं चमचा चाटला.

"मला सोडायला तू नको येऊस," ती म्हणाली. "तुला घर बघायचं असेल. टॅक्सी बोलाव. हा येईल." तिनं माझ्याकडे बोट नाही केलं, चमचा केला. "बॅग हा उचलेल. तुझ्या गाडीच्या डिकीत आहे ना, ह्याच्या आजोबाचा पट्टा बांधलेली? ती. आत गेल्यावर त्या बायकांना माझं नाव हा सांगेल. डावीकडं का उजवीकडं, ते हा विचारेल. आणि मी आत गेले की दार हाच लावेल, बाहेरून. हळू नाही लावायचं. नीट लावायचं." मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमानं म्हणाली, "तुला वरची खोली दिली ना त्यानं? छान आहे रे ती. ऊन येतं."

मी उठलो. खुर्ची पडली बहुतेक, आवाज आला काहीतरी. आता मी खाली आहे, तळघरात, जिथं पूर्वी ह्या न्हाणीचं पाणी तापायचं. आता इथं संडास केलेत, पण छतावरून जाणारे जाड नळ तसेच ठेवलेत, रंगवून. पाणी नाही त्यांच्यात. मी आरशात गाल बघितला, बाहेरून काही दिसत नाही. जिभेला शिशाची चव, गोडसर, किटलीच्या तळासारखी. कडी काढलीय, समोर बोळ, बोळाच्या टोकाला स्वयंपाकघराचं मागचं दार, आणि ते उघडं आहे. दिसतंय मला. बाहेर कचऱ्याचे डबे, एक आचारी सिगारेट ओढतोय, त्याच्या पायाशी खोक्यात तपकिरी पिसं, वाऱ्यानं जराशी हलताहेत, आत काही जिवंत असल्यासारखी. तिकडून गेलो तर कुणी विचारणार नाही. रस्ता, मग पूल, मग कुठंही. बापाचं डोकं फिरेल. बॅग कोण उचलणार मग? तोच उचलेल, किंवा टॅक्सीवाला. टॅक्सीवाला तिचं नाव काय सांगेल? दोनदा त्या दारापर्यंत गेलो मी. दोनदा परत आलो. कारण छर्रा अजून माझ्या तोंडात आहे, म्हणजे प्रश्न अजून माझा आहे, नियमानं, आणि टॅक्सीत आम्ही दोघंच असणार. मला काही मोठं विचारायचं नाही. मला एवढंच विचारायचंय की पुढच्या रविवारी आलो तर दार उघडशील का. बाकीचे लोक अशा वेळी म्हणतात, अरे ये की, वेडा आहेस का. पण ती आजी आहे. ती खरंच सांगेल. मान वळवेल, बघेल माझ्याकडे, आणि सांगेल.

वर एकदम शांत झालंय. कुजबुज बंद. आणि त्या शांततेत तिचा आवाज, मोठ्ठा, पोरीसारखा, टाइल्सवरून आपटत जिन्यानं खाली येतोय:

"सात नंबरला गरम पाणी!"

कुणीतरी हसलं. कुणीतरी टाळी वाजवली. बाप म्हणतोय, आई, आई, प्लीज. ती थांबत नाहीये. पुन्हा ओरडली, आणखी मोठ्यानं, आणि आता कुणी हसलं नाही.

मला वर जायला हवं.